‘अहो’ची पट्टी

मावशीने पहिला शब्द निवडला तो ‘नको’.

“सुरुवातच नन्नाने?” मी म्हणाले.

“जन्मभर याच शब्दाने मला तारलंय,” ती म्हणाली आणि माइककडे तोंड केलं. “घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ स्वरयंत्रातच होती, त्यामुळे अख्खं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज जाईल. पुढेमागे एखादं यंत्र वापरून बोलता येईल, पण तो आवाज तिचा नसेल. दवाखान्यात न्यायला संध्याकाळी पाच वाजता गाडी येणार होती. म्हणजे मावशीच्या आवाजाची ही शेवटची दुपार होती, आणि ती माझ्या खोलीत, माझ्या कीबोर्डसमोर स्टुलावर बसली होती.

मी मावशी-काकांकडे राहते आणि आतल्या खोलीत बसून नाटकांना, जाहिरातींना पार्श्वसंगीत देते. मावशी नाटकात प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहून, पहिल्या रांगेला कळणार नाही पण अडलेल्या नटाच्या नेमकं कानात पडेल, असं बोलण्यात तिची हयात गेली. तिचा आवाज प्रेक्षकांनी कधी ऐकलाच नाही. ऐकला तो आम्ही घरच्यांनी, आणि चांगला चढ्या पट्टीत.

माझ्या कीबोर्डला वर्कस्टेशन असं भारदस्त नाव आहे. काका त्याला ‘धेंड’ म्हणतात. त्यात माइकने कुठलाही आवाज भरता येतो, छोट्याशा स्क्रीनवर बघून पुढून-मागून कापता येतो आणि हव्या त्या पट्टीवर लावता येतो. पट्टी दाबली की तो आवाज वाजतो. एका नाटकासाठी मी त्यात दारं भरली होती. हळू दाबलं की दार कुरकुरायचं, जोरात दाबलं की धाडकन आपटायचं. मावशीने ते पाहिलं होतं. म्हणून मी जेव्हा “तुझे शब्द फोनमध्ये भरून देते” म्हटलं, तेव्हा तिने ते उडवूनच लावलं.

“फोनवर बोट हळू टेकवा नाहीतर आपटा, आवाज एकच,” ती म्हणाली. “मग भांडायचं कसं? मला तुझं ते दारवालं पाहिजे.”

तर एका पट्टीवर एक शब्द. प्रत्येक शब्द दोनदा घ्यायचा, एकदा हळू आणि एकदा मोठ्याने. पट्टीवर चिटकवायला मी कागदाचे बारीक चौकोन कापून ठेवले होते. फोन शेजारी असले की वायरीत घरघर येते, म्हणून सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवले होते.

या धेंडाची एक वाईट खोड आहे. त्यात भरलेलं सगळं वीज असेपर्यंतच राहतं. वीज गेली की पाटी कोरी. आवाज टिकवायचे तर मेमरी कार्डावर उतरवावे लागतात, आणि ते काम हे यंत्र इतक्या सावकाश करतं की तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून होतात. शिवाय तोवर त्याला दुसरं काही सांगायची सोय नाही. मावशीचा आवाज आधीच फाटत होता. तो संध्याकाळपर्यंत पुरेल की नाही, देव जाणे. त्यातला वेळ मी यंत्राला द्यायला तयार नव्हते. सगळं भरून होऊ दे, मग शेवटी एकदाच उतरवू, असं मी ठरवलं.

त्यामुळे मला भीती होती ती काकांची. काकांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. काम झालं की आधी वीज तोडायची, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. तुम्ही पंख्याखाली बसलेले असताना ते पंखा बंद करून जातात. घराबाहेर पडताना मेन स्विच खाली, हा तर आमच्या घरचा कायदाच. लग्न झाल्या झाल्या त्यांनी तो मावशीला लावला आणि इथे राहायला आल्यावर मला. त्या दिवशी मी माझ्या खोलीतल्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं, ‘हात लावाल तर खबरदार’.

“मला काय अक्कल नाही?” काका म्हणाले. चिडले होते. तसा त्यांना हा सगळा प्रकारच पसंत नव्हता. “जित्या माणसाचा आवाज डब्यात भरतात होय कुणी? लोणचं आहे का ते?” असं म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेले आणि चांगल्या चालणाऱ्या इस्त्रीचे स्क्रू काढत बसले.

‘नको’ चौथ्या वेळेला नीट मिळालं. पहिल्यांदा ती इतकी जोरात म्हणाली की लाल दिवा लागला आणि आवाज चिरकला. मग खोकला आला, मग पुन्हा खोकला आला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हिच्या गळ्यात मोजके शब्द उरलेत आणि मी ते वाया घालवतेय. बटणं दाबताना बोट घसरत होतं.

शब्दांवरून आमचं वाजलंही. मी ‘पाणी’, ‘औषध’, ‘दुखतंय’ असं काढून ठेवलं होतं.

“दुखतंय ते तोंडावर दिसतं,” ती म्हणाली. “पाणी बोटाने दाखवता येतं. त्याला कशाला पट्टी घालवायची?”

“मग काय घालू? भाषण?”

“‘मग?’ घाल.”

“काय मग?”

“अगं बये, ‘मग?’ हाच शब्द. समोरचा बोलत असतो ना, तेव्हा मधे म्हणायचा. ‘मग?’ म्हटलं की माणूस पुढे बोलतो. नाहीतर मुक्या माणसासमोर कोण किती वेळ बोलेल? दोन दिवस येतील आणि मग टीव्ही लावतील.”

मी ‘मग?’ घेतलं. मग ‘खरं की काय’ घेतलं, ‘गप्प बस’ घेतलं, ‘हात्तिच्या’ घेतलं. ‘बघू’ घेतलं, कारण ती म्हणाली, नको म्हणायचा कंटाळा आला की ‘बघू’ लागतं. ‘ये’ आणि ‘जा’ दोन शेजारच्या पट्ट्यांवर. ती एकेक शब्द अशी म्हणायची की त्या शब्दाच्या मागे कोण उभं आहे ते कळायचं. ‘गप्प बस’ तर सरळसरळ माझ्यासाठी होतं.

दुपार कलायला लागली तसा तिचा आवाज खाली बसत गेला. शब्दाच्या शेवटी नुसती हवा यायची. मी म्हटलं, “पुरे आता. डॉक्टर मला फाडून खातील.”

“एक राहिलाय,” ती म्हणाली. “अहो.”

काकांना ती ‘अहो’ म्हणते. तिच्या तोंडी तो शब्द दिवसातून किती वेळा येतो याला गणती नाही. भाजीत मीठ कमी आहे का इथपासून ते घरात चोर शिरलाय इथपर्यंत सगळं ती तेवढ्यावर भागवते. मी लाल बटण दाबलं. तिने श्वास घेतला.

“अहो.”

“काय गं?” बाहेरून काका.

मी टेक पुसला. दाराशी जाऊन काकांना सांगितलं, “तुम्हाला हाक नाही मारली. रेकॉर्डिंग चाललंय.” ते “बरं बरं” म्हणाले. मी दार लावून घेतलं. पुन्हा लाल बटण.

“अहो.”

“काय?”

“काका!”

“अगं, हाक ऐकली की येतं तोंडातून! मी काय मुद्दाम करतोय?”

मावशी हसायला लागली आणि हसताहसता खोकल्याने वाकली. मी तिला धरलं. माझ्या हाताखाली तिच्या बरगड्या हलत होत्या आणि मला काकांचा असा राग आला की काही विचारू नका. तिसऱ्या वेळीही तेच झालं. शेवटी मी तो टेक ठेवला आणि स्क्रीनवर बघून काकांची ‘ओ’ कापून टाकली. ‘अहो’ संपतं तिथून पुढचं सगळं गेलं. एकदा कापलं की या यंत्रात परत मिळत नाही. मावशी खांद्यावरून बघत होती.

“उगाच कापलंस,” ती म्हणाली.

“स्वच्छ पाहिजे.”

“तुझी स्वच्छता मरो,” ती म्हणाली, पण प्रेमाने.

मला हीच सवय नडते. सगळे शब्द झाले होते, पट्ट्यांवर कागद लागले होते. ‘मग?’ दाबल्यावर किंचित उशिरा वाजतं म्हणून मी त्याची सुरुवात कापत बसले. मग ‘बघू’च्या मागे खुर्ची कुरकुरलेली ऐकू आली. मग आणखी काहीतरी. मावशी दोनदा म्हणाली, “अगं, उतरव आता.” मी दोनदा म्हटलं, “थांब गं, झालंच.” तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. गाडी वेळेआधीच आली होती.

मी घाईने कार्ड घातलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर रेघ उमटली आणि मुंगीच्या पावलाने सरकायला लागली.

“काका, सामान खाली न्या! हे होईपर्यंत इथे कुणी यायचं नाही!” मी ओरडले आणि त्या चिकटपट्टी लावलेल्या बटणासमोर जाऊन पहाऱ्यालाच उभी राहिले. काका जिन्यावरून खाली-वर करत होते. मावशी चपला घालायला पॅसेजमध्ये गेली. रेघ निम्म्यावर आली. पुन्हा हॉर्न. रेघ निम्म्याच्या पुढे गेली. मी मनातल्या मनात तिला ढकलत होते.

आणि डोक्यावरचा पंखा मंदावला. त्याची पाती एकेक वेगळी दिसायला लागली. मी स्क्रीनकडे पाहिलं तर स्क्रीन काळी.

पॅसेजमध्ये मी धावतच गेले. मावशी एका पायात चप्पल घालून उभी होती. तिचा उजवा हात मेन स्विचच्या बोर्डावरून खाली येत होता आणि नजर दुसऱ्या चपलेकडे होती. काका त्याच क्षणी दारातून आत येत होते. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात तिची शाल आणि काखेत उशी.

“मेन कुणी बंद केला?” मी किंचाळले.

मावशीने मान वर केली. घराबाहेर पडताना तिचा हात आपोआप गेला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ती माझ्याकडे बघत होती, मग बोर्डाकडे बघायला लागली.

“मी,” काका म्हणाले.

ते अजून उंबऱ्यातच होते. बोर्ड मावशीच्या पलीकडच्या भिंतीवर, आणि त्यांचे दोन्ही हात भरलेले.

“माझाच हात गेला,” ते म्हणाले. “जाता-येता सवय. चुकलं माझं.”

काका खोटं बोलत नाहीत. त्यांना ते जमतच नाही, कान लाल होतात. आत्ताही झाले होते. ते माझ्याकडे असं बघत होते की मला सगळं समजलं. उद्या सकाळी तिला टेबलावर झोपायचं होतं. आपला आवाज आपल्याच हाताने पुसला, हे डोक्यात घेऊन तिने तिथे जायला नको होतं.

मग मी काकांवर तुटून पडले. “किती वेळा सांगितलं होतं! लहान आहात का? दुपारभर तिने घसा फोडून घेतला तो काय तुमच्या सवयीसाठी?” मला रडू फुटत होतं आणि आवाज चढत होता. राग खराच होता, फक्त तो माझ्यावरचा होता. वेळेवर उतरवलं असतं तर कुणाच्या हाताने काही बिघडलं नसतं. काकांनी मान खाली घातली आणि सगळं ऐकून घेतलं. मग शाल खांद्यावर टाकून त्यांनी मेन पुन्हा वर केला.

धेंड सुरू झालं. पट्ट्यांवर माझे कागद जिथल्या तिथे होते. मी ‘नको’ दाबलं. काही नाही. ‘मग?’ दाबलं, ‘ये’ दाबलं, ‘जा’ दाबलं. प्लास्टिकची टकटक तेवढी ऐकू आली. कार्डावरचं अर्धवट लिहिलेलं वाचायला यंत्र तयार नव्हतं. मी डोकं पट्ट्यांवर टेकवून बसले.

खांद्यावर हात पडला. मावशी एका पायातल्या चपलेनिशी येऊन स्टुलावर बसली. तिने माइक आपल्याकडे ओढला आणि एक बोट वर केलं. एकच.

खाली हॉर्न वाजतच होता. मी डोळे पुसले आणि माइक लावला. “कुठला?” मी विचारलं. मला वाटलं होतं ‘नको’ घेईल, नाहीतर ‘मग?’. तिने सगळ्यात शेवटच्या कागदावर बोट ठेवलं.

मी लाल बटण दाबलं. मावशीने डोळे मिटले. विंगेत उभी असताना ती अशीच डोळे मिटून श्वास घ्यायची.

“अहो,” ती म्हणाली. ‘अ’ फाटला, मधे काहीच ऐकू आलं नाही, आणि ‘हो’ कुठूनतरी वर येऊन नीट लागला.

“काय गं?” पॅसेजमधून काका म्हणाले. त्यांचाही आवाज नीट नव्हता.

माझं बोट सवयीने कापायच्या बटणाकडे गेलं. मावशीने माझं मनगट पकडलं आणि घट्ट धरून ठेवलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि बोट मागे घेतलं. जसं होतं तसं पट्टीवर लावलं, कार्डावर उतरवलं. एवढासा शब्द, लगेच झालं. तरी ‘झालं’ असं स्क्रीनवर येईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही. गाडीत ती काही बोलली नाही. काकांनी तिची शाल सारखी केली, पुन्हा सारखी केली, आणि शेवटी तिने त्यांच्या हातावर चापट मारली तेव्हा कुठे थांबले.

ऑपरेशन नीट झालं. मावशी घरी आली तशी धेंडही आतल्या खोलीतून बाहेर आलं. ते आता तिच्या खुर्चीशेजारी असतं आणि कायम चालूच असतं. मी दुसऱ्या एका लहान कीबोर्डवर काम भागवते. मेनला कुणी हात लावत नाही. आमच्या घरचा कायदा रद्द झाला.

तिच्याकडे एकच शब्द आहे, पण ती त्यावर राज्य करते. पट्टी हळू दाबली की ‘अहो’ लांबून आल्यासारखं येतं. जोरात दाबली की अंगावर येतं, आणि गंमत म्हणजे यंत्रातले काकाही मग तेवढ्याच जोरात “काय गं?” म्हणून खेकसतात. त्यावर खरे काका स्वयंपाकघरातून ओ देतात. यंत्रातले काका ओ देऊन गप्प बसतात, खरे उठून येतात.

बाकीच्या पट्ट्यांवरचे कागद तिने काढू दिले नाहीत. एकदा मी काढायला गेले तर हात झटकला. कुणी बोलत असलं की ती ‘मग?’वर बोट ठेवते. काही वाजत नाही, पण बोलणारा पुढे बोलतो.

परवा आई आली होती, मावशीची धाकटी बहीण. तिला ती दुपार साग्रसंगीत ऐकायची होती. आम्ही ती गोष्ट सगळ्यांना एकाच प्रकारे सांगतो. त्यात मी शूर असते आणि काका खलनायक.

“रेघ निम्म्याच्या पुढे गेलेली,” मी आईला सांगितलं, “आणि या महापुरुषांनी जाता जाता मेन खाली केला!”

“हो ना,” काका म्हणाले. “हात शिवशिवतात मेले.” आणि त्यांचे कान लाल झाले.

आई हसली. मीही हसले. मावशीने हसता हसता धेंडाकडे हात नेला आणि पट्टी अगदी हळू दाबली.

“अहो,” यंत्रातून आलं. “काय गं?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मावशीने आपला उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने त्यावर एक चापट मारली, नको तिथे हात घालणाऱ्या लहान मुलाला मारतात तशी. मग तो उजवा हात काकांच्या पुढ्यात तसाच धरून ठेवला.

माझं हसू थांबलं. आईला काही कळलं नाही. ती एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. काका त्या हाताकडे बघत राहिले. किती दिवसांपासून हिला माहीत आहे, हे ते मनात जुळवत असावेत. मी तर जुळवून मोकळी झाले होते. तिने बोर्डाकडे बघितलं तेव्हापासून. म्हणजे सगळं कळूनच ती स्टुलावर येऊन बसली होती, आणि काकांना तेवढं करू द्यायचं म्हणून गप्प राहिली होती.

“चहा ठेवतो,” म्हणत काका घाईघाईने उठायला लागले. त्यांचे डोळे भरले होते.

मावशीने पहिल्या पट्टीवर, ‘नको’वर बोट टेकवलं. आवाज काही आला नाही. काका परत खाली बसले.